सांगितल्याशिवाय राहवत नाही!

निकाल अकराला लागणार असतो. अकराला पाच कमी असतानाच विद्यापीठाची वेबसाइट मान टाकते. हॉस्टेलच्या खोलीत चार जण चार मोबाइलवर एकच पान पुन्हापुन्हा उघडत बसलेले. सीट नंबर टाका, आईचं नाव टाका, गोल फिरणारं चक्र बघत बसा. मग अचानक एकाचं पान उघडतं. सगळे विषय सुटलेले, आणि तळाशी आकडा : ८.९.

आता घड्याळ लावा आणि पुढच्या एका मिनिटात तो काय करतो ते बघा. आधी तोंडातून एक आरोळी निघते. मग स्क्रीनशॉट. मग आईला फोन. आईचा फोन लागत नाही, तर बाबांना. बाबा उचलत नाहीत, तर ताईला. कुणीही चालेल, पण आत्ताच्या आत्ता!

ही घाई कसली असते, विचार केलाय कधी? तो आकडा विद्यापीठाच्या दप्तरात पक्का झालाय. ताईला तो आज कळला काय, दिवाळीत कळला काय, त्यात एका दशांशाचाही फरक पडणार नाही. तरी सांगून होईपर्यंत या मुलाला चैन पडत नाही. यश मिळालंय, पण काहीतरी बाकी आहे. हे ‘बाकी’ काय असतं, याचा पिच्छा मानसशास्त्रज्ञांनी गेली काही दशकं पुरवलाय, आणि त्यांच्या हाती जे लागलंय ते ऐकून आपण थक्क होतो.

सुरुवात त्या आरोळीपासून, म्हणजे शरीरापासून करू. जिंकलेल्या माणसाची छाती फुगते, मान मागे जाते, हात वर उठतात, मुठी वळतात. हे आपण शिकलो कुठे? शतक ठोकून बॅट उंचावणारे फलंदाज बघून? की पोवाड्यातल्या वीरांची चित्रं बघून? असेल बुवा. पण मग ज्याने जन्मात कुणाला जिंकताना पाहिलेलंच नाही, त्याचं काय?

जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो या दोघांनी नेमका हाच प्रश्न धरला. त्यासाठी त्यांनी २००४ सालच्या अथेन्स ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकमधल्या ज्यूदोच्या लढती निवडल्या. लढत संपल्यासंपल्या खेळाडूंचे धडाधड काढलेले फोटो घेतले आणि हात, छाती, मान, खांदे अशी एकेक हालचाल मोजली. खेळाडू तीसहून जास्त देशांचे होते. काही डोळस, काही नंतर दृष्टी गेलेले आणि काही जन्मांध. २००८ मध्ये निष्कर्ष आले. जिंकल्यावर जन्मांध खेळाडूंचीही छाती तशीच फुगली होती, हात तसेच वर गेले होते! कुणी दाखवलं नव्हतं, दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणजे विजयाची ही मुद्रा आपण कुठल्या क्लासला जाऊन शिकत नाही, ती सोबत घेऊनच जन्माला येतो.

आता या मुद्रेचा उपयोग काय, ते बघा. हात वर, छाती पुढे, अंगाचा विस्तार मोठा. लांबून, गर्दीतून, एक शब्द न ऐकताही दिसेल अशी ही खूण आहे. मन सांगायचं की नाही ते ठरवत असतं, तोवर शरीर सांगून मोकळं झालेलं असतं!

त्याच फोटोंमध्ये आणखी एक नवल दडलं होतं. हरलेल्यांचे खांदे पडतात, छाती आत जाते. जन्मांध खेळाडूंमध्ये हे स्पष्ट दिसलं. पण पाश्चात्त्य देशांतल्या डोळस खेळाडूंमध्ये मात्र ते फार कमी दिसलं. विजय सगळ्यांनी सारखाच दाखवला, पराभव काहींनी दाबला. हे दाबणं मात्र बघून बघून शिकलेलं असावं, असं संशोधकांना वाटतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शरीरावरून डोक्यात शिरू. हार्वर्डमधल्या डायना तामीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये एक गमतीदार सौदा मांडला. लोकांपुढे प्रश्नांचे पर्याय ठेवले : स्वतःच्या आवडीनिवडीबद्दल सांगा, दुसऱ्या कुणाबद्दल, म्हणजे बराक ओबामांबद्दल, सांगा किंवा साध्या माहितीच्या प्रश्नाचं उत्तर द्या. प्रत्येक उत्तराला काही सेंट मिळणार. कुठल्या प्रश्नाला किती, ते दर वेळी बदलणार. शहाण्या माणसाने जास्त पैशाचा प्रश्न घ्यावा ना? पण स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून लोकांनी मिळू शकणाऱ्या कमाईपैकी सुमारे १७ टक्के रक्कम सोडून दिली. पदरचे पैसे मोजून माणसं स्वतःबद्दल बोलत होती!

मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा, स्वतःबद्दल सांगताना बक्षीस मिळाल्यावर जागे होणारे भाग जागे झालेले दिसले. त्यातही एक बारकावा होता. उत्तर आपल्यापुरतंच राहणार, यापेक्षा ते दुसऱ्या कुणाला कळणार आहे, याची गोडी जास्त होती. म्हणजे स्वतःचा विचार करण्यात एक सुख, आणि तो कुणाच्या तरी कानावर घालण्यात वर आणखी एक.

बेल्जियमच्या बर्नार रिमे यांनी तर वर्षानुवर्षं हेच तपासलं की, मनाला हलवून सोडणारी घटना घडल्यावर माणूस ती सांगतो का. उत्तर : दहापैकी आठ-नऊ घटना कुणाला ना कुणाला सांगितल्या जातात, आणि बहुतेक त्याच दिवशी. दिवस मावळायच्या आत! हॉस्टेलमधला तो मुलगा जगावेगळं काहीच करत नव्हता.

आता खरी गंमत. सांगितल्याने नुसतं मन हलकं होतं, की काही वाढतंही? ख्रिस्तोफर लँगस्टन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की, चांगली गोष्ट घडली त्या दिवशी ती सांगणाऱ्यांना, किंवा साजरी करणाऱ्यांना, त्या घटनेपुरता आनंद तर झालाच, शिवाय वर थोडा जास्तीचाही मिळाला. मुद्दलावर व्याज! पण हे व्याज प्रत्येकाला, प्रत्येक वेळी मिळतं का? शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा प्रश्न पुढे नेला, आणि सगळं लक्ष बोलणाऱ्यावरून उचलून ऐकणाऱ्यावर नेऊन ठेवलं.

त्यांनी ऐकणाऱ्यांचे चार प्रकार केले. ते आपल्या घरात आणून बघू. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला कॅम्पसमधून नोकरी लागली. तिने चौघांना सांगितलं.

पहिली मैत्रीण ओरडलीच, ‘‘अगं काय सांगतेस! किती राउंड झाले? शेवटच्याने काय विचारलं? नाव पुकारलं तेव्हा तू कुठे होतीस?’’ दुसरा मित्र म्हणाला, ‘‘अरे वा, छान झालं,’’ आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. काकांनी लगेच चष्मा सावरला, ‘‘बाँड किती वर्षांचा? पोस्टिंग कुठे देणार? हल्ली सहा महिन्यांत काढूनही टाकतात म्हणे.’’ आणि चुलतबहीण म्हणाली, ‘‘हो का? ऐक ना, माझ्याकडे आज काय झालं माहितीये…’’

कुणाच्या उत्तराने आनंद वाढेल, हे तर कुणीही सांगेल. पहिलीच्या. चकित करणारी गोष्ट पुढे आहे. गेबल यांच्या अभ्यासात जोडप्यांमधल्या जिव्हाळ्याशी, विश्वासाशी, समाधानाशी चांगलं नातं फक्त पहिल्या प्रकारच्या उत्तराचं निघालं. उरलेली तिन्ही उत्तरं उलट्या बाजूला जाऊन बसली. त्यात काकांचं होतं, चुलतबहिणीचं होतं आणि ते बिचारं सभ्य ‘अरे वा, छान’सुद्धा होतं! आपण ज्याला शिष्टाचार समजतो, ते उत्तर नात्याच्या हिशेबात टोमण्याच्या रांगेत उभं होतं.

दोन वर्षांनी, २००६ मध्ये, गेबल यांनी याहून मोठा धक्का दिला. संकटात पाठीशी उभा राहतो तोच खरा मित्र, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्यांना दिसलं ते असं : वाईट बातमीला जोडीदार कसा प्रतिसाद देतो, यापेक्षा चांगल्या बातमीला कसा देतो, यावरून त्या नात्याची तब्येत जास्त नीट ओळखता येत होती. आणि २०१० मध्ये हॅरी राइस आणि सहकाऱ्यांना असंही आढळलं की, उत्साहाने ऐकणाऱ्यापुढे एखादी चांगली घटना सांगितली, तर सांगणाऱ्याच्या स्वतःच्याच नजरेत त्या घटनेची किंमत वाढते.

दुधात विरजण घालावं तसं आहे हे. दूध तुमचंच, पण दह्यासाठी चमचाभर काहीतरी बाहेरून यावं लागतं, आणि ते कसं आहे त्यावर दही घट्ट लागणार की नासणार ते ठरतं. त्या मुलाच्या ८.९ मध्ये जे बाकी होतं, ते हे. ते त्याच्याकडे नव्हतंच. ताईकडे होतं.

इतकं सगळं चांगलं असेल, तर मग अडतं कुठे? एखाद्याने जरा आपलं यश सांगितलं की, कट्ट्यावरून ‘भाव खातोय बघ’ का ऐकू येतं? समर्थ रामदासांनी तर दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणाऱ्याला बसवून ठेवलंय, आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही.

याचं एक कारण आयरीन स्कोपेलिटी, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम फोसगेराव यांनी २०१५ मध्ये पकडलं. बढाई मारणारा दुष्ट नसतो, त्याचा अंदाज चुकतो. आपल्या आनंदाने समोरचाही आनंदला असेल, असं तो धरून चालतो. समोरच्याला किती आनंद होईल याचा त्याचा आकडा चढा असतो, आणि समोरचा किती वैतागेल याचा आकडा पडका. स्वतः उड्या मारणाऱ्याला दुसरा का उड्या मारत नाहीये, हे कळतच नाही!

मग हुशार मुलं एक युक्ती काढतात. तुम्ही ती शंभर वेळा ऐकली असेल. ‘‘अभ्यासच झाला नव्हता रे, कसे काय आले एवढे मार्क, देव जाणे.’’ किंवा, ‘‘शी, किती वैताग! दोन कंपन्यांनी ऑफर दिलीये, आता नाही कुणाला म्हणायचं?’’ तक्रारीच्या पिशवीत घालून आणलेली बढाई. ओवुल सेझर, फ्रान्सेस्का जिनो आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१८ मध्ये ही पिशवी उघडून बघितली. सरळ बढाई मारणारा लोकांना कमी आवडतो, हे खरंच. पण आडून बढाई मारणारा त्याहूनही कमी आवडतो! सरळ फुशारकी मारणारा निदान खरं तरी बोलतो. आडवळणाने येणारा लबाड वाटतो आणि बढाईखोरही.

बरं, मग गप्पच बसावं? मित्राला वाईट वाटायला नको म्हणून न सांगितलेलंच बरं? ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लीव्हाइन आणि सेझर यांनी २०२१ मध्ये हेही दार बंद करून टाकलं. लपवलेलं यश मागाहून कळलं की, मित्र दुखावतो, आणि त्याला यशापेक्षा लपवणं जास्त लागतं. ‘मी जळेन असं वाटलं होय तुला?’ हा त्याचा सवाल असतो. परदेशातल्या प्रवेशाची बातमी जिवलग मित्राला विमानतळावरच्या स्टेटसवरून कळली, की त्या मैत्रीचं काय होतं ते कुठल्याही हॉस्टेलमध्ये विचारा.

म्हणजे सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. आणि यात भर म्हणून मित्राचं मनही सरळ नसतं. अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना मित्राच्या जोडीने बोलावलं. खेळ साधा होता : एकाने सूचक खुणा द्यायच्या, दुसऱ्याने शब्द ओळखायचा. काहींना सांगितलं, हा नुसता टाइमपास आहे. तेव्हा त्यांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोप्या खुणा दिल्या. काहींना सांगितलं, यावरून तुमची महत्त्वाची बौद्धिक कुवत दिसते. तेव्हा काय झालं असेल? त्यांनी अनोळख्याला सोप्या खुणा दिल्या, आणि आपल्याच मित्राला अवघड!

वाईट माणसं होती का ती? मुळीच नाही. ज्या क्षेत्रात आपला जीव अडकलाय, तिथे जवळचा माणूस पुढे गेला की, लांबचा गेल्यापेक्षा जास्त टोचतं. एकाच अभ्यासिकेत शेजारी बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन मित्र, एकाचं नाव यादीत, दुसऱ्याचं तीन मार्कांनी हुकलेलं. त्या दुसऱ्याने पहिल्याला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला, तर तो काय करतोय याची आता तुम्हाला कल्पना येईल. तो फार मोठं काम करतोय.

आणि आपला जीव त्या क्षेत्रात अडकलेला नसेल, तर? मग तेच मन पलटी मारतं. १९७३ च्या हंगामात रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक मजेदार मोजणी केली. ओहायो स्टेट, मिशिगन, ॲरिझोना स्टेट वगैरे. दर सोमवारी वर्गात किती मुलांनी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घातलेत, एवढंच मोजायचं. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला असला की, सोमवारी असे कपडे जास्त! एका धावेचाही, म्हणजे त्यांच्या भाषेत एका यार्डाचाही, वाटा नसलेली मुलं विजय अंगावर घालून येत होती.

पुढे त्यांनी मुलांना फोन करून सामन्याचं काय झालं, ते विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणण्याकडे झुकत. हरलेल्याबद्दल ‘ते हरले’. त्याआधी ज्यांना एका छोट्या चाचणीत तुम्ही नापास झालात असं सांगितलं होतं, त्यांच्या तोंडी तर जिंकलेल्या सामन्यासाठी ‘आपण’ आणखी जास्त यायचं. स्वतःच्या खिशात काही नसलं, की माणूस दुसऱ्याच्या यशातून थोडं उसनं घेतो. १९७६ मध्ये हा अभ्यास छापून आला. समर्थांच्या ओवीतला तो दुसरा माणूस इथे सापडला म्हणायचा!

आपल्याला त्यासाठी अमेरिकेत जायची गरजच नाही. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा चालू आहे. भरत नाट्य मंदिरात पडदा उघडायच्या आधी ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ ही आरोळी घुमते, आणि उत्तरात कॉलेजचं नाव येतं. रंगमंचावर काम करणारे मोजके, घसा फोडून घेणारे शेकडो. आणि गावाकडे चला. कुणाची फौजदार म्हणून निवड झाली की, चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध निवड झालेल्याचा एक फोटो, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून गॉगल लावलेले वीस-पंचवीस फोटो. अभ्यास एकाने केला, छाती पंचविसांची फुगली. हसू येतं खरं, पण बघा ना, यशाचं हे केवढं विलक्षण अंकगणित आहे! वाटलं म्हणून मूळ मालकाचं काही कमी झालं नाही.

आता मघाचा तो दाबलेल्या पराभवाचा धागा ओढू. निकालाच्या दिवशी स्टेटस उघडा : मार्कशीट, मेडल, ‘कष्टाचं चीज झालं’. एटीकेटी लागलेल्यांची स्टेटस कुठे आहेत? नाहीतच. २०११ मध्ये अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचाच अभ्यास करून दाखवलं की, इतर मुलं किती दुःखी, एकटी, निराश असतात, याचा अंदाज मुलं नेहमी कमी करतात. कारण आनंद चारचौघांत दाखवला जातो आणि दुःख खोलीचं दार लावून भोगलं जातं. जो तो आपली आतली बाजू दुसऱ्याच्या बाहेरच्या बाजूशी ताडून बघतो, आणि मीच एकटा मागे पडलो असं समजतो. एकाच मजल्यावर दहा खोल्यांत दहा जण, एकाच वेळी, हेच समजत बसलेले असू शकतात!

या साऱ्या गुंत्यातून वाट आहे का? माझ्या मते आपल्याकडे ती फार पूर्वीपासून आहे, आणि ती पुड्यात मिळते. निकाल लागला की, पेढे वाटायचे. या साध्या रिवाजाची रचना नीट बघा. आई पुडा घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहते आणि म्हणते, ‘‘आमचा विनू फर्स्ट क्लासमध्ये आला हो!’’ विनू मागे उभा राहून चपलांकडे बघत असतो. बढाई झाली, पण विनूने मारली नाही. जेफ्री फेफर आणि सहकाऱ्यांनी, चाल्डिनीही त्यात होते, २००६ मध्ये दाखवलं की, आपली तारीफ दुसऱ्याने केली तर आपण लोकांना जास्त आवडतो. ती करणारा आपल्याच पक्षाचा आहे हे उघड दिसत असलं तरीही! आणि आईइतका उघड आपल्या पक्षाचा माणूस दुसरा कोण?

शिवाय बातमी लपलेली राहत नाही. ‘कसे आले देव जाणे’ असलं नाटक करावं लागत नाही. ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं, तोही यशाचा भागीदार होतो. कित्येक प्रयोगशाळांनी चाळीसहून जास्त वर्षांत वेगवेगळं शोधलेलं शहाणपण अर्धा किलोच्या पुड्यात बसलंय.

फक्त एक गोष्ट त्या पुड्यात येत नाही, ती दारातल्या माणसाला घालावी लागते. ‘अरे वा, छान’ म्हणून आत वळू नका. पेढा तोंडात विरघळायच्या आत विचारा, ‘‘कसं जमवलंस रे? सगळ्यात अवघड पेपर कुठला गेला?’’ चपलांकडे बघणारा विनू मान वर करेल. पुढची दहा मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, आणि त्याचा फर्स्ट क्लास, मार्कशीटवरचा एक आकडाही न बदलता, तुमच्या दारातच मोठा होईल.